शंभर गुण मिळवूनही नापास

आम्ही सोलापुरातले काही संगणक-शिक्षक. अकरावी-बारावीच्या वर्गांना वर्षानुवर्षे सी++ शिकवत आलो. पण केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या अभ्यासक्रमात २०२० च्या सुमारास सी++ची जागा पायथन या भाषेने घेतली. आमच्याकडून बारावी होऊन पुढे गेलेली मुलेही भेटायला आली की पायथनविषयीच विचारू लागली. तेव्हा आम्ही दर शनिवारी दुपारी एकत्र बसून ती भाषा शिकायचे ठरवले. एक संगणक-भाषा येतेच आहे, दुसरी चार शनिवारांत येईल, असा आमचा अंदाज होता.

पहिल्याच शनिवारी आम्ही ओळखीचे काम हाती घेतले. सराव परीक्षेच्या गुणांवरून उत्तीर्ण-अनुत्तीर्ण यादी करायची. मुले साठ, गुण शंभरपैकी. परीक्षेनुसार उत्तीर्णतेची मर्यादा बदलते, म्हणून आज्ञावली आधी ती मर्यादा विचारणार, मग एकेका मुलाचे नाव आणि गुण विचारणार, आणि शेवटी दोन याद्या छापणार. सी++मध्ये हे काम आम्ही डोळे मिटून केले असते. पायथनमध्ये ते निम्म्याहून कमी ओळींत झाले. आज्ञावली कुठेही न अडखळता चालली आणि याद्या छापून आल्या.

चहा घेता घेता एकाचे लक्ष गेले. गणितात शंभरपैकी शंभर मिळवणारी वर्गातली एकमेव मुलगी अनुत्तीर्णांच्या यादीत होती! आम्ही हसलो. मग दुसऱ्या एकाने पेन्सिल घेऊन अख्खी यादी हाताने तपासली, आणि आमचे हसू थांबले. उत्तीर्णांच्या यादीत नऊ गुण मिळवणारा एक मुलगा निवांत बसला होता.

शंभर गुणांची चूक सापडली, कारण ती डोळ्यांत भरणारी होती. नऊ गुणांची चूक तपासल्याखेरीज कोणाच्याच लक्षात आली नसती. ज्या मुलाला जादा तासाला बसवून शिकवायला हवे होते, तो उत्तीर्ण म्हणून आमच्या नजरेआड झाला असता. सी++मध्ये अशीच आज्ञावली आम्ही कितीतरी वेळा लिहिली होती. तिथे असे कधी झाले नव्हते. मग इथे का झाले?

लेखी भाषांतर आणि दुभाष्या

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन गोष्टी वेगवेगळ्या कराव्या लागतात. पहिली गोष्ट ही, की आपण लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर केव्हा होते.

सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा घराघरांत बोलल्या जातात, त्यामुळे याचे उदाहरण आपल्याला शाळेच्या दारातच मिळते. पालकांसाठी मराठीत लिहिलेली सूचना तेलुगूत द्यायची आहे असे समजा. भाषांतर करणारा आधी संपूर्ण सूचना वाचतो. ‘‘तिसऱ्या ओळीतला हा शब्द काही लागत नाही, सरांना विचारून या,’’ असे तो पालकांच्या हाती कागद पडण्यापूर्वीच सांगतो. सगळे जुळले की तेलुगू कागद तयार होतो. मग तो कितीही वेळा वाचा, भाषांतरकार पुन्हा लागत नाही. सी++चा कंपायलर असे काम करतो. तो सर्व आज्ञावली वाचून, तपासून, यंत्रभाषेत उतरवतो आणि बाजूला होतो. शंका असेल तर तो आज्ञावली चालूच होऊ देत नाही.

आता पालकसभा डोळ्यांपुढे आणा. बाई मराठीत बोलत आहेत आणि सातवीतली मुलगी शेजारी उभी राहून आपल्या आजीला एकेक वाक्य तेलुगूत सांगते आहे. नवव्या वाक्यात तिला न कळणारा शब्द असेल, तर ते नववे वाक्य आल्यावरच समजणार. तोवरची आठ वाक्ये आजीपर्यंत पोचलेली असतात. पण या पद्धतीचा फायदाही मोठा. आजी मध्येच प्रश्न विचारू शकते आणि तिला तिथल्या तिथे उत्तर मिळते. इंटरप्रीटर म्हणजे असा दुभाष्या. पायथन त्याच्या मदतीने चालते.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. पायथनचा इंटरप्रीटर अगदी एका वाक्यापुरते पाहत नाही. तो आधी संपूर्ण आज्ञावलीवरून नजर फिरवतो, तिचे व्याकरण तपासतो, तिला बाइटकोड नावाच्या मधल्या रूपात आणतो आणि मग ते रूप क्रमाक्रमाने अमलात आणतो. म्हणून एखादा विसर्गासारखा दिसणारा कोलन राहिला किंवा ओळीची समासापासूनची जागा चुकली, तर पहिली ओळ चालण्यापूर्वीच तक्रार येते. व्याकरणाची तपासणी आधी होते, अर्थाची मात्र त्या ओळीपाशी पोचल्यावर. हे नाव अस्तित्वात आहे का, या दोन गोष्टींची बेरीज होऊ शकते का, असे प्रश्न ऐन वेळी सोडवले जातात.

खोके आणि चिठ्ठी

दुसरी गोष्ट अशी, की माहितीचा प्रकार कोणाला चिकटलेला असतो.

सी++मध्ये आपण चल जाहीर करतो. ‘गुण’ हा पूर्णांक, असे एकदा सांगितले की त्या नावाचे एक ठरावीक मापाचे खोके स्मृतीत राखून ठेवले जाते. त्या खोक्यात पूर्णांकच जाणार. कळफलकावरून ९ दाबले, तर सी++ खोक्याकडे पाहते, ‘हे पूर्णांकाचे आहे’ असे ओळखते आणि दाबलेल्या अक्षराचा आकडा करूनच आत ठेवते. हे रूपांतर आपल्या नकळत होत असल्यामुळे आपण ते विसरूनही जातो.

पायथनमध्ये खोके नाही, चिठ्ठी आहे. चादरींच्या दुकानात बांधलेल्या गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावतात तसे समजा. ‘गुण’ ही चिठ्ठी आज आकड्याच्या गठ्ठ्याला लावली, उद्या काढून मजकुराच्या गठ्ठ्याला लावली, तरी चालते. आत काय आहे हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. ते गठ्ठ्यावरच लिहिलेले असते. म्हणून पायथनमध्ये चल जाहीर करावा लागत नाही. पण त्याचबरोबर, ‘या नावाला आकडाच हवा’ हे सांगणारेही कोणी नसते. इनपुट ही आज्ञा कळफलकावरून जे येईल ते मजकूर म्हणून आपल्या हाती देते. मग त्यात नाव असो वा आकडे.

आता आमच्या यादीचे कोडे सुटते. उत्तीर्णतेची मर्यादा आम्ही कळफलकावरून घेतली होती, म्हणून ती ‘३’ आणि ‘५’ या दोन अक्षरांचा मजकूर होती. गुणही मजकूरच होते. दोन मजकुरांची तुलना संगणक शब्दकोशाच्या रीतीने करतो. शब्दकोशात ‘कमळ’ आधी येते आणि ‘खण’ नंतर. शब्द किती लांब आहे याला महत्त्व नसते, पहिले अक्षर पाहिले जाते. त्या न्यायाने ‘९’ हे ‘३५’च्या नंतर येते, कारण ९ हा ३ च्या पुढचा. मुलगा उत्तीर्ण! ‘१००’ मात्र ‘३५’च्या आधी येते, कारण १ हा ३ च्या अलीकडचा. मुलगी अनुत्तीर्ण!

आम्ही सर्व शक्यता फळ्यावर लिहून काढल्या. ० ते ३ गुणांना निकाल बरोबर येतो. ४ ते ९ गुणांची मुले चुकून उत्तीर्ण होतात. १० ते ९९ पर्यंतच्या सर्व गुणांना निकाल पुन्हा बरोबर येतो, कारण सारखीच अक्षरसंख्या असलेल्या आकड्यांचा शब्दकोशातला क्रम आणि गणितातला क्रम एकच असतो. १०० ला पुन्हा चूक होते. म्हणजे साठपैकी अठ्ठावन्न निकाल बरोबर आणि दोनच चूक. पूर्ण चुकलेली यादी लगेच ओळखू येते. जवळजवळ बरोबर असलेली यादी जास्त धोक्याची. गंमत म्हणजे गुणपत्रकात ‘०९’ असे दोन अंकी लिहिण्याची जुनी सवय आम्ही कळफलकावरही पाळली असती, तर त्या मुलाचा निकाल बरोबर आला असता.

उपाय सोपा आहे. आत आलेल्या मजकुराचा आकडा करा, अशी ‘इंट’ नावाची आज्ञा आपण स्वतः द्यायची. ही आज्ञा देवनागरी अंकांचा मजकूरही ओळखते. ‘३५’ असे देवनागरीत टंकले तरी तिच्यातून पस्तीस हा आकडा मिळतो. आज्ञावलीत लिहिलेले आकडे मात्र इंग्रजी अंकांतच लागतात.

पायथनला प्रकार नसतात का?

‘पायथनमध्ये प्रकार नसतात’ असे मुले म्हणतात. ते खरे नाही. आम्ही मर्यादा कळफलकावरून न घेता आज्ञावलीतच ३५ हा आकडा म्हणून लिहिली असती, तर पहिल्याच मुलाला आज्ञावली थांबली असती. मजकूर आणि आकडा यांत लहानमोठे ठरवता येत नाही, असे पायथनने स्वच्छ सांगितले असते. पूर्वी ही भाषा याबाबत सैल होती. पायथन २ या आवृत्तीत अशी तुलना चालून जाई आणि उत्तर निरर्थक येई. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने ती बंद केली. तेव्हा पायथनला प्रकार आहेत आणि ती त्यांबाबत कडकही आहे. फरक एवढाच, की प्रकार नावाला चिकटलेला नाही, वस्तूला चिकटलेला आहे. आणि तपासणी आधी होत नाही, काम चालू असताना होते.

रूपांतर केव्हा होते आणि प्रकार कोणाला चिकटतो, हे दोन प्रश्न स्वतंत्र आहेत. आपल्यापैकी ज्येष्ठ शिक्षकांना याचे उदाहरण आठवेल. १९८४ साली भारतात शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांवरची बेसिक ही भाषा दुभाष्याच्याच पद्धतीने चालत असे. पण तिच्यात प्रकार नावाला चिकटलेला होता. मजकुराच्या चलापुढे डॉलरचे चिन्ह लावावे लागे. म्हणजे इंटरप्रीटर आहे म्हणून प्रकार सैल सुटतोच, असे नाही.

पायथनची निवड मात्र विचारपूर्वक केलेली होती. गिडो व्हॅन रॉसम हे ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या संस्थेत काम करीत होते. तिथे शिकणाऱ्यांना सोपी जावी म्हणून रचलेल्या एबीसी या भाषेच्या प्रकल्पात त्यांनी भाग घेतला होता. त्या अनुभवातून त्यांनी डिसेंबर १९८९ मध्ये पायथनला सुरुवात केली आणि १९९१ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. मुले हमखास विचारतात म्हणून सांगून ठेवतो. हे नाव अजगरावरून आलेले नाही, ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून आले आहे.

ऱ्हस्व-दीर्घाची किंमत

दुसरा धडा आम्हांला शुद्धलेखनाने शिकवला. पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात. आम्ही हौसेने ‘गुण’ असे नाव दिले. मग एक नियम घातला. ज्याला ३३ किंवा ३४ गुण असतील, त्याचे गुण ३५ करावेत. त्या ओळीत टंकताना ‘गूण’ असे दीर्घ पडले.

सी++चा कंपायलर असे जाहीर न केलेले नाव पाहताच आज्ञावली परत करतो. पायथनच्या दृष्टीने ही चूकच नव्हती. आम्ही ‘गूण’ नावाची एक नवी चिठ्ठी लिहून ३५ या गठ्ठ्याला लावत आहोत, असे तिने मानले. ‘गुण’ ही चिठ्ठी जिथे होती तिथेच, ३३ ला, राहिली. तक्रार नाही, सूचना नाही. सवलत मिळायला हवी होती ती मुले अनुत्तीर्णच राहिली.

चुकीचे नाव वाचायच्या जागी पडले असते, म्हणजे ‘गूण छापा’ असे लिहिले गेले असते, तर पायथनने ‘असे नाव माहीत नाही’ म्हणून काम थांबवले असते. पण तेही त्या ओळीपाशी पोचल्यावरच. आमच्या पहिल्या चाचणीच्या साठ मुलांत ३३ किंवा ३४ गुणांचे कोणीच नव्हते. म्हणजे ती ओळ एकदाही चालली नव्हती. आज्ञावली एकदा नीट चालली म्हणजे ती बरोबर आहे, हा समज इथे मोडतो. जी ओळ चाललीच नाही, तिची परीक्षा झालेली नसते.

एका गठ्ठ्याला दोन चिठ्ठ्या

सवलतीचे गुण देण्यापूर्वी मूळ गुणांची यादी राखून ठेवावी, म्हणून आम्ही ‘मूळ’ या नावात ‘यादी’ भरली आणि मग ‘यादी’त बदल केले. पाहतो तर ‘मूळ’ही बदललेली! सी++च्या सवयीने आम्ही समजत होतो, की एका खोक्यातले सामान दुसऱ्या खोक्यात उतरवून घेतले. प्रत्यक्षात आम्ही त्याच गठ्ठ्याला दुसरी चिठ्ठी लावली होती. गठ्ठा एकच, मग कोणत्याही चिठ्ठीने उचला, आतला बदल दिसणारच. वेगळी प्रत हवी असेल तर ‘कॉपी’ ही आज्ञा देऊन ती मागावी लागते. खोके आणि चिठ्ठी यांतला फरक मुलांना एकदा चित्र काढून दाखवला, तर पुढचे बरेच घोटाळे टळतात.

जमेची बाजू

एवढे वाचून कोणाला वाटेल, की मग सी++च बरी. तसे नाही. शिकवण्याच्या दृष्टीने दुभाष्याचे मोठे उपकार आहेत. पायथनच्या पडद्यावर एक ओळ लिहिली की लगेच उत्तर मिळते. ‘‘सर, असे केले तर काय होईल?’’ या प्रश्नाला ‘‘करून पाहा’’ असे उत्तर देता येते, आणि पाहायला क्षणही लागत नाही.

गणिताच्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट आवडेल. सी++च्या पूर्णांकाचे खोके सामान्यतः चार बाइटचे असते आणि त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. १ ते १३ या संख्यांचा गुणाकार ६,२२,७०,२०,८०० येतो. तो या खोक्यात घातला तर बहुतेक संगणकांवर १,९३,२०,५३,५०४ असे भलतेच उत्तर मिळते, आणि तेही विनातक्रार. पायथनमध्ये खोकेच नसल्यामुळे गठ्ठा लागेल तेवढा मोठा होतो. १ ते ५० चा गुणाकार तिने ६५ अंकी, एकही अंक न चुकवता दिला. तसेच ७ भागिले २ याचे उत्तर सी++मध्ये दोन्ही पूर्णांक असल्यामुळे ३ येते, तर पायथन ३ मध्ये साडेतीन येते.

या सोयींची किंमत वेगात मोजावी लागते. आकडेमोडीची मोठी चक्रे साध्या पायथनमध्ये सी++च्या मानाने फार सावकाश चालतात, कारण प्रत्येक बेरजेच्या वेळी ‘या गठ्ठ्यांत काय आहे?’ हे पाहावे लागते. साठ मुलांच्या यादीला मात्र तो फरक जाणवतही नाही.

तपासणी कोणी करायची?

मग या दोन भाषांतले खरे अंतर कोणते? आमच्या मते ते तपासणीच्या जबाबदारीचे आहे. सी++मध्ये काही तपासणी कंपायलर करीत होता आणि आम्ही त्याच्यावर विसंबून होतो. पायथनमध्ये तेवढी तपासणी आपल्याकडे आली. तिला मदत करणारी साधने आहेत. पायथन ३.५ या २०१५ च्या आवृत्तीपासून ‘या नावाला आकडा अपेक्षित आहे’ अशी टीप नावाशेजारी अधिकृत पद्धतीने लिहिता येते. इंटरप्रीटर त्या टिपेकडे लक्ष देत नाही, पण मायपाय यासारखी तपासनीस आज्ञावली ती वाचून, काम सुरू होण्यापूर्वी विसंगती दाखवते. तरी खरा उपाय म्हणजे निवडक नोंदी देऊन आज्ञावलीची परीक्षा घेणे.

ही सवय सी++मध्येही लागतच होती. ‘३५ किंवा अधिक’ याऐवजी ‘३५ पेक्षा अधिक’ असे लिहिले, तर बरोबर पस्तीस मिळवणारे मूल नापास होते, आणि जगातला कोणताही कंपायलर ते ओळखू शकत नाही. त्याला आपले चल पूर्णांक आहेत हे कळते, आपला हेतू कळत नाही. कंपायलरने आज्ञावली स्वीकारली म्हणजे ती बरोबर, असे आम्ही इतकी वर्षे मुलांना बोलून नव्हे, पण वागण्यातून शिकवत होतो. पायथनने ती खोड उघडी पाडली.

वाचकांनी आपल्या वर्गात हा प्रयोग जरूर करावा. मुलांना गुणांची यादी करणारी आज्ञावली पायथनमध्ये लिहायला सांगा आणि मजकुराचा आकडा करण्याविषयी मुद्दाम काही सांगू नका. मग त्यांच्याकडूनच अशा नोंदी काढून घ्या, की ज्यांनी आज्ञावली फसेल. कोणत्या गुणांना ती फसते आणि कोणत्या गुणांना तरून जाते, याचा तक्ता मुलांना करू द्या. कारण त्यांनी स्वतः शोधलेले बरे.

आमचे चार शनिवारांचे गणित अर्थातच चुकले. बैठका अजून चालू आहेत. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात सात नोंदी आता कायमच्या लिहिलेल्या असतात आणि फळा पुसणाऱ्याला त्या पुसायची परवानगी नाही: ०, ९, ३३, ३४, ३५, १०० आणि ‘गैरहजर’. या सातही नोंदी दिल्याशिवाय कोणतीही यादी आम्ही आता शिक्षक-खोलीत पाठवत नाही.